डोंगर कापलेल्या रस्त्यावर क्रॅश बॅरियरचे पोस्ट खडकात कसे बसवायचे?

कटिंग_साइट_ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्याच्या वरच्या अंगाला डोंगर कापून काढलेला रस्ता आहे. दरीकडच्या बाजूला १.४ किमी सिंगल डब्ल्यू-बीम (डब्ल्यू आकाराच्या पन्हळी पट्टीचे) मेटल क्रॅश बॅरियर बसवायचे आहे. ड्रॉइंग नेहमीचेच: १५०×७५×५ मिमी चॅनेलचा पोस्ट, लांबी १.८ मी., त्यातला १.१ मी. जमिनीत, दर २ मीटरला एक पोस्ट, बीमचा माथा रस्त्यापासून ७० सेमी.

रॅमिंग मशीन (पोस्ट ठोकणारे) लावले की पोस्ट कुठे पूर्ण जातो, कुठे ४०-५० सेमीवर अडतो, तर कुठे २० सेमीवरच टणकन वाजतो. तरीही ठोकत राहिले की पोस्टचे डोके चेपते, जस्ताचे पापुद्रे निघतात आणि चॅनेल पिळवटतो. वरची भोके स्पेसरशी (पोस्ट आणि बीममधल्या तुकड्याशी) जुळत नाहीत.

आतापर्यंत तीन सूचना आल्या आहेत. ठेकेदार म्हणतो, जेवढा जाईल तेवढा ठोकू, उरलेला वरून कापू आणि बुडाशी काँक्रीटचा ठोकळा घालू. कन्सल्टंटचे म्हणणे, ३०० मिमी व्यासाचा ६०० मिमी खोल खड्डा घेऊन एम२० (२० मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटने भरा. तिसरी सूचना, अडेल तो पोस्ट वगळा आणि तिथे दोन पोस्टमध्ये ४ मीटरचे अंतर ठेवा.

यातले बरोबर काय? खडकात खड्डा किती खोल, किती रुंद आणि कशाने भरायचा? पावसाळ्याआधी संपवायचे आहे.

---

मोजपट्टी

तीनही नकोत. कारण कळले की खड्ड्याचे माप आपोआप समजते, म्हणून आधी कारण.

डब्ल्यू-बीम ही भिंत नाही. ताणलेल्या पट्ट्यासारखे ते काम करते. गाडी आदळली की पोस्टने मातीत मागे कलायचे असते. कलताना तो माती ढकलतो आणि त्यात गाडीचा जोर जिरतो. त्याच वेळी बोल्ट बीममधून सुटतो, पोस्ट खाली जातो आणि बीम मात्र गाडीच्या उंचीवर टिकून राहतो. सगळी सिस्टिम या कलण्यावर उभी आहे.

आता तोच पोस्ट खडकात काँक्रीटने पक्का करा. १५०×७५×५ चॅनेलचा प्लास्टिक मोमेंट (तो कायमचा दुमडायला लागणारा जोर) पोलादाची ताकद २५० मेगापास्कल धरून साधारण २० किलोन्यूटन-मीटर येतो. बीमचा मध्य जमिनीपासून सुमारे ५४ सेमीवर, म्हणजे ३६-३७ किलोन्यूटनच्या आसपास पोस्ट जमिनीलगत दुमडणार. प्रत्यक्षात त्याच्याही आधी, कारण उघडा सेक्शन आहे, तो पिळवटतो. दुमडलेला पोस्ट बीमला सोबत खाली ओढतो आणि गाडी वरून जाते. दुमडला नाही, तर पुढचे चाक त्यात अडकते. शेजारचे पोस्ट कलले आणि हा एकटा ताठ राहिला, तर बीमला त्याच्याआधी खोबण पडते, गाडी खोबणीत शिरते आणि बीम जोडावर फाटू शकतो. म्हणजे 'पक्के' केलेला पोस्ट हाच सगळ्यात कच्चा दुवा.

म्हणून खडकातला खड्डा पोस्ट धरून ठेवण्यासाठी नसतो, पोस्टला मागे कलायला जागा देण्यासाठी असतो.

मापांसाठी अमेरिकेतल्या फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे २००४ चे मार्गदर्शन अजूनही सगळ्यात स्पष्ट आहे. ते क्रॅश टेस्टवर बेतलेले आहे. सारांश असा:

खडकावर मातीचा थर ० ते ४६० मिमी असेल तर खडकात ६१० मिमी खोल जा. स्टीलच्या पोस्टसाठी भोक ५३० मिमी व्यासाचे.

माती ४६० मिमीपेक्षा जास्त असेल तर खडकात ३०० मिमी, किंवा पोस्टची नेहमीची पूर्ण खोली भरेपर्यंत, यांतले जे आधी होईल ते.

यात एक उडी दिसते. ४५० मिमी मातीला एकूण खोली १०६० येते आणि ४७० मिमी मातीला ७७०. ही चूक नाही. माती पुरेशी जाड असली की कलण्याचे काम मातीतच होते, खडकाने फक्त पायथा अडवून धरायचा असतो. माती कमी असली की कलण्याची जागा खडकातच कोरावी लागते, म्हणून भोक मोठे आणि खोल.

५३० मिमी का, तेही पाहा. पोस्ट ६०० मिमी खोल आहे आणि बुडाशी फिरतो असे धरा. बीमचा मध्य जमिनीवर ५४० मिमी. जमिनीच्या पातळीला पोस्ट ३०० मिमी मागे सरकला तर बीमपाशी ५७० मिमी हलतो. त्यासाठी पोस्टच्या मागे तेवढी मोकळीक हवी. ५३० च्या भोकात १५० मिमीचा पोस्ट रस्त्याच्या बाजूच्या कडेला टेकवून उभा केला तर मागे ३७५ मिमी मिळते. मधोमध उभा केला तर मागे जेमतेम १९० उरते आणि पुढची १९० वाया जाते. ड्रॉइंगवर हे लिहिलेले नसते आणि मजूर सवयीने पोस्ट मधोमध उभा करतात. कन्सल्टंटच्या ३०० मिमी भोकात तर काँक्रीट न घालताही मागे ७५ मिमीच उरते.

भरायला खडी, काँक्रीट नाही. बुडाशी ५०-६० मिमी खडीचा थर, त्यावर पोस्ट, मग धूळ नसलेली ६ ते २० मिमी खडी. एमओआरटीएचच्या (केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या) स्पेसिफिकेशनमध्ये पोस्टचे खड्डे १०० मिमीपेक्षा जाड नसलेल्या थरांत भरून ठोकायला सांगितले आहे. ते इथेही पाळा.

एक सावधगिरी. त्या टेस्ट अमेरिकेच्या आय-सेक्शन पोस्टवर झाल्या, आपल्या चॅनेलवर नाही. तत्त्व तेच, पण तुमची सिस्टिम एखाद्या निर्मात्याची क्रॅश-टेस्ट केलेली असेल तर खडकासाठी त्याचे इन्स्टॉलेशन मॅन्युअल आधी बघा. ते असेल तर माझे आकडे बाजूला ठेवा.

पोस्ट गाळण्याबद्दल: अमेरिकेत एक पोस्ट गाळून टेस्ट पास झालेली सिस्टिम आहे, पण ती ७८७ मिमी उंचीची, जोड पोस्टच्या मध्ये असलेली. आपली ७० सेमीची सिस्टिम त्यांच्या जुन्या पिढीच्या जवळची. तिला ती सवलत लागू नाही.

---

काळा_पाषाण

मोजपट्टी सरांनी का ते सांगितलं, मी भोक कसं पाडायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, पोस्ट ठोकून खडक शोधू नका. जॅकहॅमरला लांब रॉड लावा, प्रत्येक पोस्टच्या जागी १.२ मीटरपर्यंत मारा आणि मातीची जाडी लिहा. कॉम्प्रेसर तसाही साइटवर उभाच असतो. डेक्कन ट्रॅपचा (आपल्याकडच्या लाव्हाच्या खडकाचा) भरवसा नाही, दोन मीटरवर थर बदलतो. वर मुरूम, खाली मांजऱ्या (मऊ खडक), मध्येच गेरूचा तांबडा पट्टा, मग काळा पाषाण. मांजऱ्याला खडक म्हणून मोजू नका, बऱ्याचदा तो हायड्रॉलिक हॅमरला जातो. जिथे कुरकुरतो तिथे आधी १०० मिमीचं पायलट होल डीटीएचने (भोकात उतरून ठोकणाऱ्या ड्रिलने) पूर्ण खोलीपर्यंत मारा आणि मग पोस्ट ठोका. मुरमात आणि मांजऱ्यात हे सगळ्यात स्वस्त. काळ्या पाषाणात मात्र पायलट होलचा काही उपयोग नाही, पोस्ट त्यात मावतच नाही.

माती ४६ सेमीच्या वर असेल तेव्हा खाली खडकात लहान भोक चालतं. चॅनेलचा कर्ण १६८ मिमी, म्हणून २०० मिमीचं बिट घ्या. १५० चं बिट घेऊन पोस्ट आत ठोकायचा प्रयत्न करू नका, अर्ध्यावर अडकला तर ना खाली जातो ना वर येतो.

५३० चं भोक काळ्या पाषाणात एका दमात पाडायला पायलिंग रिगचं कोअर बॅरल लागतं. तेवढ्यासाठी रिग परवडत नाही आणि दरीकाठी उभीही राहत नाही. साधी पद्धत म्हणजे लाइन ड्रिलिंग:

११५ मिमी डीटीएच बिट. ४१५ मिमी व्यासाचं वर्तुळ आखा आणि त्यावर ८ भोकं. सेंटर ते सेंटर सरळ रेषेत १५९ मिमी पडतं, दोन भोकांत ४४ मिमीच्या आसपास भिंत राहते. मध्ये एक नववं भोक. खोली ६५० ठेवा, बुडाशी खडीचा थर यायचाय. एका खड्ड्याला पावणेसहा ते सहा मीटर ड्रिलिंग झालं. मग मधला गाभा लहान ब्रेकरने फोडा, भिंती आपोआप सुटतात.

प्लायवूडचं टेम्प्लेट करा, नऊ भोकांचं, रस्त्याच्या बाजूला बाण काढलेलं. टेम्प्लेटशिवाय ड्रिलर डोळ्याच्या अंदाजाने मारतो. मग भिंत कुठे २० मिमी, कुठे १०० मिमी. १०० ची भिंत ब्रेकरला सुटत नाही आणि २० च्या जागी बिट शेजारच्या भोकात घसरतं.

नुसत्या पोकलेनच्या ब्रेकरने खड्डा करू नका. वर ८०-९० सेमी आणि खाली ३०, असं नरसाळं होतं. म्हणजे बुडाशी पोस्ट घट्ट, वर सगळं ढिलं, आणि रस्त्याच्या कडेचं डांबर उचकटतं ते वेगळंच.

ड्रिलिंगच्या आधी केबल आणि गॅस लाइनची चौकशी करा. नवीन रस्त्याच्या खांद्याखालीच (डांबराकडेच्या पट्टीखालीच) सगळ्यांनी आपापल्या लाइन घातलेल्या असतात. खाली वस्ती किंवा रस्ता असेल तर दरीकडे जाळी बांधा, ब्रेकरने सुटलेला दगड थेट खाली जातो. लेन बंद करायची तर आयआरसी:एसपी:५५ प्रमाणे बोर्ड आणि कोन लावा, नाहीतर वाहतूक पोलीस पहिल्याच रात्री काम थांबवतील.

---

बीओक्यू_वाचक

वरचे सगळे पटण्यासारखे आहे, पण दोन व्यवहारी मुद्दे.

एक, आपल्याकडे कित्येक मंजूर ड्रॉइंगमध्ये पोस्टभोवती काँक्रीटचा ब्लॉक सर्रास दाखवलेला असतो. पुलावर तर पोस्ट सरळ डेकला बोल्ट करतात. तिथे तो ताठ चालतो, मग खडकात का नाही?

दोन, चोरी. मुंबईच्या आसपास लोखंड रात्रीत जाते. खडीत उभा केलेला पोस्ट चार माणसे हलवून काढतील. काँक्रीटमधला निदान कापावा लागतो.

---

मोजपट्टी

पुलाचा मुद्दा चांगला काढलात. पुलावर ताठ पोस्ट चालतो कारण तिथली सगळी सिस्टिमच ताठ धरून केलेली असते, आणि रस्त्यावरून पुलावर येताना मध्ये ट्रान्झिशन द्यावा लागतो: पोस्टमधले अंतर २ मीटरवरून १ मीटर, मग अर्धा मीटर, बीम दुहेरी. मऊ मधून ताठ हळूहळू व्हावे म्हणून. तुमच्या साइटवर मातीतले दहा पोस्ट मऊ, मग खडकातले तीन ताठ, पुन्हा सहा मऊ. प्रत्येक बदलाला ट्रान्झिशन देणार का? नाही देणार. म्हणून खडकातल्या पोस्टलाही मातीतल्यासारखेच वागायला लावायचे.

मातीतल्या काँक्रीट ब्लॉकची गोष्ट वेगळी आहे. मऊ मातीत अख्खा ब्लॉक पोस्टसकट कलतो. खडकात ब्लॉक हलायला जागाच नसते. एकच ड्रॉइंग दोन्हीकडे लावले की गडबड होते.

चोरीचे म्हणणे खरे आहे. पण पोस्ट बीमला बोल्टने बांधलेला असतो, आधी बीम सुटतो आणि मग पोस्ट. उपाय बोल्टवर करा: शिअर नट, म्हणजे घट्ट झाल्यावर ज्याचे षटकोनी डोके तुटून पडते तो. नटाला वेल्डिंगचा ठिपका मारण्याची जी पद्धत दिसते ती बंद करा. तिथले जस्त जळते आणि बीमच्या भोकात बोल्ट सुटायचा तो सुटत नाही.

खडी नकोच असेल तर वरच्या थराला अगदी दुबळा ग्राउट घालता येतो. टेक्सासमध्ये काँक्रीट पट्टीतल्या पोस्टभोवती ४५० मिमीची चौकोनी मोकळी जागा ठेवून, २८ दिवसांत सुमारे ०.८५ मेगापास्कल ताकदीचा ग्राउट भरून टेस्ट केल्या आहेत. ०.८५, म्हणजे एम२० च्या विसाव्या भागाहूनही कमी. साइटवर हा मिक्स कुणी मनापासून दुबळा करत नाही, मेस्त्री 'थोडं सिमेंट वाढवतो' आणि ५ मेगापास्कल होऊन बसते. क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) घेणार असाल तरच या वाटेला जा.

---

कटिंग_साइट_ठाणे

खूप आभार. रॉडने प्रोबिंग उद्यापासूनच लावतो. आणखी तीन शंका:

कमी लांबीचे पोस्ट साइटवर कापले तर चालतील का?

शेवटच्या ३०० मीटरमध्ये खडक नाही, पण दगडी भराव आहे. पोस्ट दोन धोंड्यांत सापडून तिरका होतो.

खडकातले भोक पावसात हौदासारखे भरणार, त्याचे काय?

---

मोजपट्टी

साइटवर कापणे, भोक पाडणे, वेल्ड करणे स्पेसिफिकेशनला मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. पोस्ट वरून कापला तर स्पेसरचे भोक जाते आणि गॅस कटरने नवे पाडले जाते. प्रोबिंगचे आकडे हातात आले की कारखान्याला चार लांब्यांची ऑर्डर द्या:

१.३० मी.: खडक उघडा.
१.४५ मी.: १५ सेमीपर्यंत माती.
१.६० मी.: १५ ते ३० सेमी माती, आणि ४६ ते ६० सेमी माती.
१.८० मी.: बाकी सगळे.

मधली एखादी जागा जुळली नाही तर वरची लांबी घ्या आणि ड्रिलिंग दहा सेमी जास्त करा. पोस्टला हात लावू नका. नाइलाजाने कापलाच तर बुडाकडून, ग्राइंडरने, आणि कापल्या कडेला झिंक-रिच पेंटचे दोन हात.

चार लांब्यांचे पोस्ट एकाच ढिगात ठेवले तर काय होईल ते सांगायला नको. डोक्यावर रंगाचा पट्टा मारा आणि प्रत्येक चेनेजला (रस्त्यावरच्या अंतराच्या खुणेला) तोच रंग खुंटीवर.

जाताजाता: काही पुरवठादार 'जास्त मजबूत' म्हणून आयएसएमसी १५० देतात. तो हॉट-रोल्ड, मीटरला साडेसोळा किलोच्या आसपास. ड्रॉइंगमधला ५ मिमीचा चॅनेल सुमारे ११ किलो. काही पोस्ट हे आणि काही ते, असे मिसळले की ताठ-मऊचा तोच घोळ पुन्हा.

---

काळा_पाषाण

दगडी भरावात ठोकायचंच नाही. धोंड्यावर टोक आपटलं की चॅनेल कुशीला सरकतो, वरून सरळ ओढून धरला तरी खाली वाकलेलाच राहतो. शिवाय धोंड्यांत पोकळी असते. पोस्ट १.१ मीटर गेला तरी त्याला धरून ठेवणारं काही नसतं, हाताने हलतो.

लहान पोकलेनने ६०×६० सेमी चर १.१५ मीटरपर्यंत काढा, धोंडे उचला, आणि मुरूम किंवा दाणेदार माल १०-१० सेमीच्या थरांत ओलवून जंपिंग जॅकने दाबा. मग त्यात पोस्ट ठोका. आधी पोस्ट उभा करून भोवती भरलं तरी चालतं, पण चॅनेलच्या पोटात ठोकणी पोचत नाही, तिथे सब्बलने कोचावं लागतं.

आणि भरावाची कड किती लांब आहे ते बघा. पोस्टच्या मागे उतार सुरू व्हायच्या आत निदान ६० सेमी सपाट जागा हवी. दरीकाठी ती नसतेच, खांदा पावसाने खाल्लेला असतो. मग १.१ मीटर खोली कागदावरच राहते, पोस्टच्या मागे मातीच नाही. तिथे आधी गॅबियन (जाळीत भरलेले दगड) किंवा टो-वॉल (उताराच्या पायथ्याची भिंत) बांधून खांदा रुंद करा, नाहीतर जास्त लांबीचा पोस्ट डिझायनरकडून घ्या.

---

पहिला_पाऊस

पाण्याचे मी सांगतो. परदेशी ड्रॉइंगमध्ये या भोकातल्या पाण्याची काळजी बर्फासाठी केलेली असते. आपला त्रास वेगळा. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये २ मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि अखंड बेसॉल्टमधले (काळ्या पाषाणातले) भोक पाणी शोषत नाही. पोस्टचे बूड चार महिने पाण्यात, मग आठ महिने ओल-सुके-ओल. खाडीकडून येणारी खारट हवा आहेच. जस्ताचा थर ५५० ग्रॅम प्रति चौरस मीटर मागितलेला असतो, म्हणजे जाडी साधारण ७७ मायक्रॉन. माल उतरवतानाच एल्कोमीटरने (थराची जाडी मोजणाऱ्या यंत्राने) तपासा, बुडाकडच्या अर्ध्या मीटरवर जास्त वाचने घ्या. कुजतो तो भाग तोच.

दरीकडची बाजू असल्याचा एक फायदा आहे. खड्ड्याच्या बुडातून उताराकडे ४०-५० मिमीचे तिरके भोक मारता येते. खडकाची कड मीटरभराच्या आत असेल तर जॅकहॅमरनेच होते. पाणी निघून जाते. डोंगराकडच्या बाजूला ही सोय नाही. तिथे पाणी वरून आत येणार नाही एवढेच बघायचे: खडी जमिनीखाली ७५ मिमीवर थांबवा, त्यावर जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडाचा) तुकडा आणि वर घट्ट मुरूम, पोस्टपासून बाहेर उतार देऊन. जिओटेक्स्टाइल नसेल तर पहिल्या पावसात मुरूम खडीत झिरपतो, पोस्टभोवती वाटी पडते आणि ती भरायला कुणीतरी काँक्रीटचे घमेले आणून ओततो. एवढ्या मेहनतीने केलेला खड्डा त्या एका घमेल्याने फुकट जातो. देखभालीच्या नोंदवहीत 'पोस्टभोवती काँक्रीट करू नये' असे ठळक लिहून ठेवा.

पेव्हर ब्लॉकवाले आणि गटारवाले नंतर येऊन तेच करतात. पोस्टला चिकटून काँक्रीटची पट्टी ओतली की जमिनीलगत पोस्ट पुन्हा बांधला गेला. मागच्या बाजूला निदान १८० मिमी मोकळे सोडायला सांगा.

---

एमबी_रेकॉर्ड

तांत्रिक चर्चा झाली, आता पैशाचे.

काँट्रॅक्ट आयटम-रेट (प्रत्येक कामाला वेगळा दर) आहे की ईपीसी (डिझाइनसकट सगळे ठरलेल्या रकमेत), हे आधी बघा. ईपीसी असेल तर खडक लागला म्हणून जादा पैसे सहसा निघत नाहीत, आणि म्हणूनच ठेकेदाराला काँक्रीटचा ठोकळा आवडतो. आयटम-रेट असेल तर मीटरच्या दरात खडकातले ड्रिलिंग धरलेले नसते. ते एक्स्ट्रा आयटम म्हणून काम सुरू होण्याआधी मंजूर करून घ्या. एकक 'प्रति खड्डा' ठेवा, घनमीटर नको. ५३० व्यासाचा ६५० खोल खड्डा ०.१४ घनमीटर भरतो. घनमीटरच्या दराने त्यात ड्रिलरचे डिझेलही सुटत नाही आणि मग खड्डे आखूड होऊ लागतात.

प्रोबिंगचे रजिस्टर संयुक्त सहीचे हवे: चेनेज, मातीची जाडी, खडकाचा प्रकार, ठरलेली लांबी, रंग. खड्डा भरण्याआधी प्रत्येकाचा फोटो, आत उभी टेप आणि आडवी टेप दोन्ही दिसतील असा, चेनेजची पाटी धरून. भरल्यावर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. शंका असेल तर शेकडा दोन-तीन खड्डे उकरून बघण्याची अट आधीच लिहा. ती अट आहे एवढ्यानेच काम सुधारते.

तयार कामात बघायचे: माथा रस्त्याच्या कडेपासून ७० सेमी आहे ना (माप खांद्यावरून घेऊ नका, आणि डांबराचा शेवटचा थर व्हायचा असेल तर तो धरून घ्या), बीमचा लॅप वाहतुकीच्या दिशेने आहे ना, चॅनेलची पाठ येणाऱ्या गाडीकडे आहे ना. आणि पोस्ट भोकाच्या कुठल्या कडेला आहे.

---

बीओक्यू_वाचक

पटले. पण सलग १००-१५० मीटर उघडा काळा पाषाणच असेल तर ५०-७५ खड्डे लाइन ड्रिलिंगने करत बसण्यापेक्षा तेवढ्यात काँक्रीट क्रॅश बॅरियर का नको? खडकात डॉवेल बार (भोकात बसवलेल्या सळ्या), वर बॅरियर. तो मुळातच ताठ असतो, त्यामुळे मागे कलायला जागा लागत नाही आणि अरुंद खांद्यावर बसतो.

---

मोजपट्टी

चालेल, आणि काही ठिकाणी तेच बरे. तीन अटी. दोन्ही टोकांना वर सांगितलेला ट्रान्झिशन. खालून पाणी जायला झरोके, नाहीतर पहिल्याच मुसळधार पावसात रस्त्याचा कालवा होतो. आणि डॉवेलची भोके ब्लास्टिंगने तडकलेल्या वरच्या थरात थांबू देऊ नका. हातोडीने वाजवा, बद्द आवाज आला तर तो थर काढा. केमिकल अँकर वापरणार असाल तर भोक हवेने फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून घ्या. बेसॉल्टची ओली भुकटी भिंतीला चिकटली तर एपॉक्सी भुकटीला धरते, खडकाला नाही.

राहिला एक मुद्दा, कुणी काढला नाही म्हणून. सुरुवातीचा आणि शेवटचा अँकर. इथे सगळे उलटे आहे. मधल्या पोस्टने कलायचे, पण टोकाच्या अँकरने हलायचे नाही, बीममधला सगळा ताण शेवटी तिथे येतो. त्याच्यासाठी खडक ही चांगली बातमी आहे. येणाऱ्या वाहतुकीकडचे टोक जमिनीत तिरके उतरवू नका, गाडी त्यावर रॅम्पसारखी चढते. तुमचे बॅरियर दरीकडे असले तरी ते सुरू होते तिथे जवळपास दोन्ही बाजूंना कटिंग असेल, तर बॅरियर तिथपर्यंत मागे वाढवा, बीमची उंची तशीच ठेवत हळूहळू बाहेर वळवा आणि टोक कटिंगच्या खडकात शिरवून तिथे अँकर करा. त्या एका जागी एम२० पाहिजे तेवढे ओता.

---

कटिंग_साइट_ठाणे

सुरुवातीला ४० मीटरवर दोन्ही बाजूंना कटिंग आहे, तिथपर्यंत वाढवता येईल. म्हणजे २० पोस्ट वाढले. सुधारित ड्रॉइंगमध्ये 'पोस्ट भोकाच्या रस्त्याकडील कडेला' ही टीप टाकून उद्या कन्सल्टंटकडे पाठवतो.